आठ इंचांवरून निघालेली रेघ

मी नागपूरच्या एका मुलींच्या शाळेतला जुना आलेखाचा फळा आहे. जुना आहे, निकामी नाही. हे आधीच सांगून ठेवतो.

मित्रांनो, माझ्या काळ्या अंगावर पांढऱ्या रेघांची घरे आहेत. १९६९ साली गणित शिकवणाऱ्या चारुशीलाबाईंनी मला करवून घेतले. तेव्हा मुलींना बीजगणिताऐवजी सोपे गणित घ्यायची सूट होती. नववीत बीजगणित घेणाऱ्या अकराच मुली होत्या, म्हणून मुख्याध्यापक मनोहररावांनी तो वर्ग बंद करायचे ठरवले.

"बाई, पोळ्या लाटाले आलेख लागते काय?" ते भर वर्गात म्हणाले.

"सर, अंगणातली टाकी किती वाजता वाहू लागेल, ते या मुली सांगतील. चुकल्या तर मीच वर्ग बंद करते."

मला अंगणात नेले. टाकीला वीस इंचांवर भोक होते. पाणी तिथवर चढले की बाहेर पडे. साडेदहाला नळ सोडला. मुलींनी पट्टी बुडवून दोनदा मोजले. दर पाच मिनिटांना पाणी दोन इंच चढत होते.

प्रेमिलाने शून्यापासून रेघ ओढली. "पन्नास मिनिटं लागतील, सर."

"थांब वं!" गोपिका पुढे आली. "नळ सोडला तवा टाकीत आठ इंच पाणी होतंच नं! शून्यातून काहून काढून राहिली?"

तिने रेघ पुसली. उभ्या अक्षावर आठाला ठिपका दिला. आडवे एक घर म्हणजे पाच मिनिटे, उभे एक घर म्हणजे एक इंच. ती एक घर उजवीकडे आणि दोन घरे वर, अशी चढत गेली. खाली लिहिले: य = २क्ष + ८. आठ म्हणजे आधीचे पाणी, दोन म्हणजे रेघेचा चढ. रेघ विसाला पोचली तेव्हा आडवी सहा घरे झाली होती. सहा पंचे तीस.

"अकरा वाजता," ती म्हणाली.

सर घड्याळ धरून भोकासमोर उभे राहिले. अकरा वाजले. पाणी नाही. अकरा वाजून दोन मिनिटांनी धार निघाली आणि सरांचे बूट भिजले.

"दोन मिनिटं चुकली!"

"मी नाही चुकली, सर. मघा शेजारच्यायनं नळ सोडला, आपली धार बारीक झाली. चढ कमी झाला नं!"

बाई पदर तोंडाला लावून हसल्या. वर्ग राहिला.

चौदा वर्षे मी त्या वर्गाच्या भिंतीवर होतो. गेल्या वर्षी बाई वारल्या आणि मला सायकलींच्या शेडमध्ये टाकले. परवा त्यांचे यजमान मधुकरराव आले. दर उन्हाळ्यात ते दोघे पांढऱ्या रंगात दोरा भिजवून माझ्या रेघा ओढत. एक टोक ते धरत, एक बाई. या वेळी त्यांनी दुसरे टोक खिळ्याला बांधले. एक रेघ जाड आली. ती त्यांनी तशीच ठेवली. मग त्यांनी मला स्वतः उचलून वर्गात नेले, कोणाला विचारले नाही.

मित्रांनो, मला ओल्या फडक्याने पुसू नका, रंग उडतो. वर्षातून एकदा माझ्या रेघा ओढा. आणि पोरींना बीजगणित कशाला, असे कोणी म्हणाले तर वाद घालत बसू नका. त्याला माझ्यासमोर उभा करा आणि खडू पोरीच्या हातात द्या.