थेंब न गळणारा गारवा

लूणासरच्या शाळेपुढच्या पटांगणात त्या दिवशी सकाळी अकरा वाजता एक जीप, एक पांढरी मोटार, तीन ट्रॅक्टर, नऊ उंट, गवारीची वीस पोती, एक महाराज, त्यांचे दोन शिष्य आणि एकशे त्रेसष्ट माणसं होती. आकडे अचूक आहेत, कारण ते धापूने मोजले होते. गावच्या आरोग्य उपकेंद्रातली ही तरुण नर्स लसींच्या फ्रिजचं तापमान रोज सकाळ-संध्याकाळ वहीत लिहायची आणि त्या नादात दिसेल ते मोजायची. खेजडीच्या झाडाखाली तिने थर्मामीटर धरला. सावलीत चव्वेचाळीस पूर्णांक सहा.

आणि एवढ्या उन्हात त्या जीपमधून माणसं कुडकुडत बाहेर येत होती.

एका वेळी सहा जण आत जायचे. शिष्य दारं लावायचा आणि फटींत ओल्या चिंध्या कोंबायचा. पाच मिनिटांनी दार उघडलं, की पांढऱ्या धुराचा लोट पायऱ्यांवरून खाली ओघळायचा आणि त्यामागून सहा भाग्यवान धापा टाकत उतरायचे. सरपंच उतरले ते कपाळ धरूनच.

"छाती बघा कशी भात्यासारखी चाललीय!" ते ओरडले. "आई संचारली! डोक्यात घण घातल्यासारखं झालं!"

"भाग्य लागतं," मागच्याने उसासा टाकला. त्याचा नंबर त्र्याऐंशीवा होता.

ही आई म्हणजे शीतळामाई. तिचं वाहन गाढव. ती गाढव सोडून डिझेलच्या जीपवर का येऊन बसली, हे कुणी विचारलं नाही. गाढवांची उणीव तर पटांगणात नव्हती.

जीप पेमारामची. फौजेच्या लिलावात घेतलेली, पस्तीस वर्षांची. चारही चाकांना जोर असल्यामुळे वाळूत न रुतणारी पंचक्रोशीतली ती एकच गाडी. गावाची रुग्णवाहिका तीच, वरातीची गाडी तीच. कापडी टप काढून पेमारामने तिला पत्र्याचं छप्पर आणि दारं बसवली होती. त्यामुळे धूळ आत येईनाशी झाली आणि भट्टी तयार झाली. गेल्या जेठात, ऐन उन्हाळ्यात, पेमारामच्या आईला पोटदुखीसाठी बाडमेरला नेलं. अठ्ठ्याण्णव किलोमीटर. म्हातारी पोहोचलीच नाही. डॉक्टरांनी लिहिलं, उष्माघात. ज्या दुखण्यासाठी नेलं होतं, ते तपासायची पाळीच आली नाही.

आता पेमारामची मुलगी गवरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. रक्तदाब चढलेला. बाडमेरच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, अठरा तारखेच्या आत इथे आणा. आज नऊ होती. म्हणून गावाने घराघरातून साठवलेलं गवारीचं बी काढलं, विकायला वीस पोती जमवली आणि जीपला एसी बसवायचं ठरवलं. बाडमेरहून सदीक मिस्त्री येऊन मापं घेऊन गेला होता. कॉम्प्रेसरसाठी इंजिनाला नवी पट्टी घडवायची, छताला आतून लोकरीचा जाड नमदा लावायचा, चार दिवसांचं काम.

सदीक मापं घेऊन गेला आणि दुसऱ्याच दिवशी शीतलगिरी महाराज आले. देवालाही कोटेशनची वाट पाहावी लागते.

महाराजांचा आवाज मात्र खरोखरच गार होता.

"कॉम्प्रेसर म्हणजे काय, बाळांनो? दमन! बिचाऱ्या हवेला पकडतो, दाबतो, चेपतो, छळतो. तेव्हा कुठे ती थंडी देते. अशी छळलेली हवा पोटुशी बाईला द्याल? माझ्या यंत्रात कॉम्प्रेसर नाही, पट्टा नाही, गॅस नाही. इंजिनावर तीळभर भार नाही. फक्त आईचा श्वास!"

"डिझेल जास्त लागणार नाही ना, महाराज?" मागून कुणीतरी विचारलं. भक्ती भक्तीच्या जागी.

"आई डिझेल पीत नाही. ती ज्योत पिते! पाहिलंत ना?"

सगळ्यांनी पाहिलं होतं. जीपच्या तळाशी ठेवलेली पणती आपोआप विझायची. फुंकर नाही, वारा नाही. आईला आगीचा जाच सोसत नाही, हा महाराजांचा खुलासा. शुल्क काही नव्हतंच. फक्त वीस पोती गवार, तीही आईच्या इच्छेने. महाराजांना गवारीचा त्या दिवसाचा भाव मात्र तोंडपाठ होता.

"काकोसा, सदीकला निरोप दिलात?" धापूने पेमारामला बाजूला घेऊन विचारलं.

"नको म्हणून कळवलं. बाईसा, तुम्ही एकदा बसून तर बघा. माझे दात वाजले हो! माझी आई गेली ना, तेव्हा तिचे ओठ..." त्याने पागोट्याच्या टोकाने तोंड पुसलं. "एवढा गारवा तेव्हा असता तर."

धापू रांगेत जाऊन उभी राहिली. तिच्याकडे दोन थर्मामीटर होते. एक तिने गळ्यात अडकवला आणि दुसरा वाकून चपलेच्या पट्ट्यात खोचला.

आत डॅशबोर्डखाली पितळी गोमुख बसवलेलं होतं. त्यातून पांढरा धूर निघत होता. मागच्या बाकाखाली लाल कापडात गुंडाळलेली पूजेची पेटी होती. तिच्यात बारीक घरघर ऐकू येत होती. आईचा श्वास बहुधा बॅटरीवर चालत असावा. धूर वर जात नव्हता, पाण्यासारखा खाली ओघळत होता. पायाशी पणती ठेवली होती, ती मिनिटभरात विझली. तशीच दुसरी डॅशबोर्डवर होती, ती तेवत राहिली. धापूने आपले श्वास मोजले. बसताना मिनिटाला सोळा. पाचव्या मिनिटाला सव्वीस. डोकं ठणकायला लागलं. शेजारची बाई घुमायला लागली होती.

बाहेर येऊन तिने आकडे पाहिले. गळ्याशी तेहतीस. पायाशी अकरा.

"हिला नाही संचार झाला," शिष्य तुच्छतेने म्हणाला. "आकडे मोजत बसली होती."

तेवढ्यात पटांगणात भांडण जुंपलं. जमनीदादीचा आवाज गावात कुणालाही ओळखू येई. ऐंशीच्या पुढची ही म्हातारी, हातात परात. लूणासरमध्ये पाणी चार दिवसांनी टँकरने येतं. त्यामुळे इथल्या बायका जिथे थेंब पडेल तिथे भांडं लावतात. बाडमेरला दवाखान्यात गेल्या, तर खिडकीबाहेरच्या एसीच्या नळीखाली लोटा लावून बसतात आणि ते पाणी शेळीसाठी घरी आणतात. दादीने सकाळपासून, तीर्थ मिळेल या आशेने, परात जीपखाली लावली होती.

"कोरडी ठणठणीत!" दादी कडाडली. "बारा खेपा झाल्या, थेंब नाही! गारवा म्हटला की पाणी गळणारच. माझा रांजण गळतो, जीपच्या पुढे टांगलेली पाण्याची छागळ गळते, दवाखान्याचा एसी गळतो. ही कसली शीतळा, जिला पाझर नाही?"

"दादीसा, आईचा गारवा कोरडा असतो," महाराज हसले.

"आणि तुमचा?"

"म्हणजे?"

दादीने परात पुढे केली. तळाशी दोन बोटं पाणी होतं. "जीपखाली मिळेना म्हणून तुमच्या पांढऱ्या गाडीखाली लावली. तुमचा डायव्हर आत एसी लावून घोरतोय. अर्ध्या तासात एवढं! तुमच्या गाडीवर आईची कृपा नाही का? तिथे छळलेल्या हवेतच बसता?"

लोक हसले. हसणारे एकशे त्रेसष्टांतले फार तर वीस असतील, पण सुरुवात झाली.

महाराज चाणाक्ष. हसू पसरायच्या आत त्यांनी हात उंचावला. "पुरे! मुलीला आणा. आज तिला आईच्या कुशीत अर्धा तास बसवू. एकटीला. दारं बंद. बाळंतपणाचं भय कायमचं संपेल. उद्या याच गाडीतून, चिंध्या कोंबून, खुशाल बाडमेरला न्या."

दोन बायकांनी गवरीला धरून आणलं. सुजलेली पावलं तापल्या वाळूत उचलत ती येत होती. पायरीवर तिने धापूकडे पाहिलं. "धापूजीजी, बसू?"

"नाही," धापू म्हणाली आणि दारात आडवी उभी राहिली.

"बाईसा, बाजूला व्हा," पेमाराम पुटपुटला. "लोक बघतायत."

"बघू द्या. काकोसा, मला फक्त एक पणती पेटवून द्या. आणि दादीसा, तुमची परात."

तिने स्टीलचा पेला गोमुखाखाली धरला. तो धुराने भरला. तो तिने बाहेर आणून पेटत्या पणतीवर हळूच ओतला, पाणी ओतावं तसा. पणती विझली. तिने ती पुन्हा पेटवली, पुन्हा ओतला. पुन्हा विझली.

"आई पेल्यातही मावते," धापू म्हणाली. "आता पेटी उघडते."

"हात लावशील तर भस्म होशील!" महाराज गरजले.

"ते खरं आहे," धापूने मान डोलावली. "एवढं गार, की हात भाजतो. म्हणून तर चिमटा आणलाय."

लाल कापडाखाली थर्माकोलचा डबा निघाला. आत बॅटरीवरचा छोटा पंखा आणि विटेएवढे पांढरे ठोकळे. चिमट्याने एक तुकडा काढून तिने परातीतल्या पाण्यात टाकला. पाणी खदखदलं, धूर काठावरून सांडून वाळूवर पसरला.

पेमाराम वाकून बघत राहिला. मग सावकाश म्हणाला, "हा तर धुराचा बर्फ. जैसलमेरला हॉटेलातल्या लग्नांना पाहुणे न्यायचो मी. नवरी स्टेजवर येते ना, तेव्हा हाच सोडतात. आचाऱ्याच्या डब्यात असतो." त्याने महाराजांकडे पाहिलं. "दहा लग्नांत पाहिलाय मी. आज ओळखला नाही."

धापूने दुसरा तुकडा कोरड्या ताटलीत ठेवला. "कुणी बोलू नका. बघा फक्त."

एकशे त्रेसष्ट माणसं एका ताटलीकडे बघत राहिली. तुकडा लहान होत गेला, सुपारीएवढा, मग मुगाएवढा, मग नाहीसा. दादीने बोट फिरवलं. ताटली कोरडी होती.

"हा पाण्याचा बर्फ नव्हे," धापू सांगू लागली. "आपण श्वास सोडतो त्यात जो वायू असतो, तो गोठवून केलेला हा ठोकळा आहे. तो वितळत नाही, थेट वायू होतो. म्हणून दादीसांची परात कोरडी. तो हवेपेक्षा जड, म्हणून पायाशी अकरा अंश आणि गळ्याशी तेहतीस. त्यात ज्योत जळत नाही, म्हणून खालची पणती विझते आणि वरची राहते. आणि तो छातीत गेला की दम लागतो, डोकं ठणकतं. सरपंचकाका, तुम्हाला संचार झाला नव्हता. तुम्ही गुदमरत होता."

सरपंचांनी कपाळावरचा हात काढून घेतला.

"एका किलोचा पाचशे लिटर वायू होतो. डब्यात आठ किलो तरी आहे, म्हणजे चार हजार लिटर. जीपच्या आत मावते साडेतीन हजार लिटर हवा. त्यात गवरीला अर्धा तास बसवायचं होतं, दारं लावून, चिंध्या कोंबून."

गवरी पायरीवरून मागे सरली आणि वाळूतच बसली.

"आईचा कोप होईल!" महाराजांचा आवाज एव्हाना बराच गरम झाला होता.

"महाराज, एक करा," पेमाराम म्हणाला. "तुम्हीच बसा आत. अर्धा तास. मी बाहेरून चिंध्या कोंबतो. कोप झाला तर माझ्यावर होऊ दे."

आईचा श्वास सोडून महाराज आपल्या छळलेल्या हवेत जाऊन बसले. पण डायव्हर घोरत होता आणि पाठीमागे तीन ट्रॅक्टर उभे होते. ते ट्रॅक्टर पोलीस चौकीतून हवालदार येईपर्यंत, म्हणजे दोन तास दहा मिनिटं, कुणी हलवले नाहीत. तेवढ्या वेळात दादीने त्या मोटारीखालून आणखी दीड लोटा पाणी जमवलं.

सगळं निवल्यावर दादी धापूला म्हणाली, "पोरी, आम्ही अडाणी. आम्हाला काय कळणार हा वायू न् बियू?"

"दादीसा, वायू मला कळला, पण खोट तुम्ही काढलीत. गळतं की नाही, हे बघितलंत. एवढंच करायचं असतं. कुणी काही सांगितलं की विचारायचं, थेंब कुठाय? दाखव. नाही दाखवला तर पोती घरात ठेवायची."

सदीक मिस्त्री चार दिवस राबला. वरच्या पत्र्याला आतून नमदा ठोकला. इंजिनाच्या बाजूला पट्टी घडवून कॉम्प्रेसर बसवला, रेडिएटरच्या पुढे जाळी लावली. जाळीपुढे पेमारामची छागळ लटकत होती, ती काढताना मात्र दोघांचं वाजलं.

"माझ्या बापापासून ती तिथेच आहे!"

"तिथे राहिली तर जाळीला वारा लागणार नाही, काकोसा. मग पुन्हा महाराजांनाच बोलवा."

छागळ मागे टांगलेल्या जादा चाकावर गेली. सदीकने वर बजावलं, "जुनं इंजिन आहे. टेकडी चढताना एसी बंद करायचा. हा देव नाही, तो दमतो."

पंधरा तारखेला दुपारी दीड वाजता गवरीला कळा सुरू झाल्या. जीप निघाली. पुढे पेमाराम, मागे गवरी, धापू आणि कुणीही बोलावलं नसताना परात घेऊन बसलेली जमनीदादी. धापूच्या वहीत त्या दिवसाचं पान असं आहे :

अंतर अठ्ठ्याण्णव किलोमीटर, वेळ दोन तास चाळीस मिनिटं. एसी चढावर तीनदा बंद, एकूण अकरा मिनिटं. बाहेर पंचेचाळीस पूर्णांक आठ. आत, गळ्याशी एकोणतीस, पायाशी सत्तावीस. गवरीचे श्वास मिनिटाला वीस. पायाशी ठेवलेला कंदील पोहोचेपर्यंत जळत होता. बाळ सायंकाळी सात वाजून पाच मिनिटांनी, मुलगी, दोन किलो सातशे चाळीस ग्रॅम. दवाखान्याच्या आवारात, जीपखालच्या परातीत, अर्ध्या तासात तीनशे साठ मिलिलिटर पाणी.