शहाळ्यांचा ढीग

आजाऱ्याला बघायला रिकाम्या हाताने जायचं नाही, एवढं एक शहाणपण आमच्याकडच्या माणसांनी जिवापाड जपलंय. हात भरलेला हवा, डोकं रिकामं असलं तरी चालतं.

मी सुवर्णा, शिरूरच्या एका मुलांच्या दवाखान्यातली आयसीयूची सिस्टर. त्या आठवड्यात माझ्याकडे दोन लेकरं होती. राहू गावच्या सर्जेराव आबांचा नातू सत्यजीत, सहा वर्षांचा आणि पाबळची साई, पाच वर्षांची. साईची आई नकुशी झेंडूच्या वावरातून तशीच उठून आली होती. जुलाब-उलट्यांनी दोघंही सुकली होती, किडन्या बंद पडल्या होत्या, लघवीचा थेंब नव्हता. अशा वेळी पोटात नळी घालून दर तासाला औषधी पाणी आत सोडायचं, थोडा वेळ ठेवायचं आणि काढून घ्यायचं. रक्तातली घाण त्या पाण्याबरोबर निघते. तोंडाने मात्र मोजून चमचाभर पाणी. किडन्या पुन्हा जाग्या होईपर्यंत पोरं जगतात ती एवढ्यावरच.

सर्जेराव म्हणजे सोसायटीचे चेअरमन, त्यामुळे नातू एक आणि बघायला येणारे दोनशे. पांढऱ्या गाड्यांतून उतरायचे, आबांना दिसेल असा चेहरा पाडायचे आणि हातातलं शहाळं पुढे करायचे. मी दारावर कागद लावला, शहाळी आणू नयेत. लोकांनी त्या कागदाखालीच ढीग रचला. वाचता सगळ्यांना येतं, पण फलकावर स्वतःचं नाव नसलं की यांची नजर तिथे थांबत नाही.

"सिस्टर, पाणीच हाय ते," आबा म्हणाले.

"आबा, त्यात पोटॅशियम असतं. एरवी ते लघवीवाटे निघून जातं. या पोरांच्या किडन्या बंद आहेत. ते रक्तात साठलं तर हृदय थांबेल."

"आमच्या बापजाद्यांनी आजारपणात ह्येच पिलं."

"त्यांच्या किडन्या चालू होत्या."

आबा नुसते हसले. बाईमाणसाने अक्कल शिकवली की ते असंच हसत असावेत.

तिसऱ्या दिवशी दुपारी सत्यजीतचे ठोके एकदम चाळीसवर आले. डॉक्टर धावत आले, शिरेतून कॅल्शियम दिलं, पोटातलं पाणी भराभर बदलायला घेतलं. रिपोर्ट आला, पाचच्या आसपास हवं ते पोटॅशियम साडेसात. मी उशी उचलली तर खाली प्लॅस्टिकची बाटली, तळाला शहाळ्याचं पाणी. नातवाशी दोन शब्द बोलतो म्हणून आबा मघाशी आत येऊन गेले होते.

मी बाहेर गेले आणि सगळ्या गोतावळ्यासमोर म्हणाले, "आबा, तुम्ही नातवाला विष पाजलंत."

ज्यांना बघून माणसं खुर्च्या सोडतात, ते आबा मटकन फरशीवर बसले. "मला कुठं ठावं व्हतं?"

"तीनदा सांगितलं होतं."

पोरगं वाचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या लघवीच्या पिशवीत चाळीस मिली दिसली. मी बाहेर जाऊन सांगितलं तेव्हा आबा माझे हात धरून रडले. "पटलं, सिस्टर. आता एक बी शहाळं हितं दिसनार न्हाई." मग कार्यकर्त्यांवर ओरडले, "उचला रं समदं!" आणि खरंच, दहा मिनिटांत ढीग हलला. मलाही भरून आलं. इतक्या वर्षांत एका तरी माणसाच्या डोक्यात उजेड पडला, या आनंदात मी चहासुद्धा पिऊन आले.

परत येऊन साईचं पाणी बदलायला पडदा सरकवला. तिच्या किडन्या अजून झोपलेल्याच होत्या. तिच्या कॉटखाली बारा शहाळी ओळीने मांडलेली. तेरावं नकुशीच्या हातात होतं आणि त्यातली नळी पोरीच्या ओठांना लागत होती.

मी झडप घालून ते ओढलं. अजून काठोकाठ भरलेलं होतं, थोडं माझ्याच हातावर सांडलं.

नकुशी भेदरली. "आबांनी दिलं, ताई. म्हनले, आमच्या पोराला चालत न्हाई, तुझ्या लेकीला व्हईल. एवढा मोठा मानूस आपनहून द्याया आला."

पडद्यापाशी आबा उभेच होते, मागे मोबाईल धरलेला कार्यकर्ता. "सिस्टर, चांगली वस्तू वाया कशाला घालवायची?" आबा म्हणाले. चेहऱ्यावर दान केल्याचं समाधान.

संतापाने मी कॉटखालची शहाळी पायाने बाहेर लोटली. कोरड्या घशाची पोर नळीकडे हात करून रडत होती. नकुशीने लगबगीने हात जोडले, ते आबांना.

"सिस्टरचा राग मानू नका, आबा," ती म्हणाली.