थांबलेलं बाळ

देलिस्याबाईंनी छत्रीच्या टोकाने कोंबडेवाल्याच्या गुडघ्यावर टकटक केली, दार ठोठावावं तशी.

"ऊठ. चार वर्षांची गरोदर बाई उभी आहे, आणि तू कोंबड्याला मांडीवर घेऊन बसलायस!"

कोंबडेवाला परगावचा असावा. त्याने बाईंच्या सुनेच्या, क्लेर्मीझच्या, पोटाकडे पाहिलं, मनात काहीतरी हिशोब केला आणि तो काही जुळेना.

"चार महिन्यांची म्हणायचंय का, आजी?"

"महिने आणि वर्षं यांतला फरक कळतो मला. पेदिस्यों आहे."

टॅपटॅपमधली, म्हणजे त्या भाड्याच्या रंगीत गाडीतली, बाकीची मंडळी डोंगरावरचीच होती. ती लगेच सरकली. पेदिस्यों म्हणजे पोटात बाळ असतं, पण अडून बसलेलं. त्याला पोसायचं रक्त दर महिन्याला वाहून जातं, म्हणून ते वाढतही नाही आणि येतही नाही. तरी बाई गर्भारशीच. तिचा मान तोच, आणि नवरा सरहद्दीपलीकडे बांधकामावर असला तरी बाळ त्याचंच. यावर डोंगरात कुणी वाद घालत नाही.

क्लेर्मीझ कोंबड्याच्या जागी बसली. सासूकडे बघून तिला नेहमीसारखं नवल वाटलं. इतक्या वर्षांत सुनेबद्दल एक वावगा शब्द त्यांनी गावात उठू दिला नव्हता. बाजारात कुणी "अजून नाही का?" म्हणून विचारलंच, तर त्याच्या टोपलीतला आंबा दाबून बघत बाई म्हणायच्या, "तुझे तरी कुठे पिकलेत?"

या विषयात त्यांचा अधिकारही मोठा होता. ओरेल्यूसच्या, म्हणजे क्लेर्मीझच्या नवऱ्याच्या, पाठची त्यांची मुलगी अशीच पोटात थांबली होती, ती आजतागायत. तिचं नाव सोलान्ज. बाई सत्तरीला आल्या, तरी नववर्षाला भोपळ्याचं सूप वाढताना सोलान्जची वाटी वेगळी भरायच्या आणि मग ती स्वतःच प्यायच्या. सूप तिच्यापर्यंत पोचवायचा दुसरा मार्गच नव्हता.

पण गेल्या आठवड्यात क्लेर्मीझ झऱ्यावर घागरीसकट कोसळली. ओरेल्यूस फोनवर म्हणाला, "आई सांगेल तसं करा." आईने सांगितलं, "बाळ थांबेल. हिला थांबवून चालायचं नाही." आणि छत्री उचलली.

दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती. तिने क्लेर्मीझच्या पोटावरून यंत्र फिरवलं, पडद्याकडे बराच वेळ पाहिलं आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. उत्तरं सासूबाईच देत होत्या.

"पाळी कशी आहे?"

"एक संपत नाही तोवर दुसरी दारात. फडकी पुरत नाहीत. गोळे पडतात काळे."

"लघवीला?"

"सारखी. चर्चमध्ये एक स्तोत्र धड पुरं होत नाही."

"माती खावीशी वाटते?"

"डोहाळेच ते! मातीची बिस्किटं विकणारीचं घर आम्हीच चालवतो."

"कंबर?"

"ओल्या ओंडक्यासारखी. आणि फार वेळ बसून उठलं, की डावा पाय आपला नाहीच असं वाटतं."

डॉक्टरणीने क्लेर्मीझकडे पाहिलं. "डावा पाय?"

"नाही," क्लेर्मीझ हळूच म्हणाली. "माझे पाय ठीक आहेत."

देलिस्याबाईंनी छत्रीचा पट्टा सोडला. परत लावला.

"मावशी, बाळ नाहीये हे," डॉक्टरीण म्हणाली. "गर्भपिशवीत गाठी आहेत. फायब्रॉइड म्हणतात त्यांना. कॅन्सर नाही, घाबरू नका. पण रक्त जातंय ते त्यांच्यामुळे. अंगात रक्त उरलं नाही म्हणून चक्कर, आणि मातीची भूकही त्यामुळेच. लघवीच्या पिशवीवर गाठ रेलते, म्हणून सारखं जावं लागतं. आधी रक्त भरून काढू, मग ऑपरेशन करून गाठी काढू. पिशवी वाचवायचा प्रयत्न करू. पण आता उशीर नको."

क्लेर्मीझने पोटावरचा हात उचलला, आणि तो कुठे ठेवावा ते तिला कळेना. ती सासूकडे बघत राहिली. या बाईंच्या एका शब्दावर ती वाचणार होती, आणि त्याच शब्दाने चार वर्षांचं नातवंड जाणार होतं. एकटं नातवंडच नव्हे.

"एखादीने हे काढलंच नाही," बाई खिडकीकडे बघत म्हणाल्या, "आणि वय होऊन पाळी गेली. मग ते कुठे जातं?"

"बहुधा आक्रसतं. लहान होऊन तिथेच राहतं."

"लहान होऊन," बाई म्हणाल्या.

"तुम्हीही एकदा झोपा यंत्राखाली. तो पाय बघायला हवा."

"बघ. पण आज नको. आज हिचं." मग त्या वळल्या. आवाज बाजारातला झाला होता. "काढ हिच्या गाठी. तारीख सांग."

"आई, पण गावात काय सांगायचं?"

"गावाला मी सांगेन. चार वर्षं गरोदर म्हटलं ते ऐकलं ना त्यांनी? त्यापेक्षा हे सोपं आहे."

परतीची टॅपटॅप खच्चून भरलेली होती. या वेळी छत्री खालीच राहिली. पण केळ्यांच्या घडाला टेकून बसलेल्या एका बाईने क्लेर्मीझचं पोट पाहिलं आणि आपण होऊन ती उठली.

"ये गं पोरी, बस. कितवा?"

क्लेर्मीझ बसली नाही. तिने सासूचा दंड धरला.

"आधी यांना बसू द्या," ती म्हणाली. "यांना माझ्यापेक्षा जास्त वर्षं झालीत."

देलिस्याबाई बसल्या, आणि डावा पाय दोन्ही हातांनी उचलून त्यांनी नीट आत घेतला. गाडी चढाला लागली तेव्हा, वर न बघता, त्यांनी छत्री सुनेच्या हातात दिली.