फळीखालचे बुटांचे ठसे

पोलादाच्या प्लांटात पहिली भट्टी पेटली, त्याच्या दुसऱ्या वर्षी भाऊरावला क्वार्टर मिळालं. देव मात्र अजून तुपाच्या रिकाम्या डब्यावरच होते. रविवारचं व्रत करणाऱ्या त्याच्या बायकोला, अन्नपूर्णेला, ते रोज खुपायचं. देवांसाठी भिंतीवर फळी ठोकायची, तर ती सिमेंटची भिंत छिन्नीला दाद देईना.

शेवटी शेजारच्या बाबुलालनं ठेकेदाराला विचारून एका रविवारपुरती ठोक्याची ड्रिल मशीन मागून आणली. तो प्लांटात वायरमन. भाऊरावच्या आईनं, तुळसाबाईंनी, दारातच त्याच्या बुटांकडे बोट केलं.

"बूट भायेर काढ, बाबू. आत देव आहेत."

"आजी, रबरी तळ आहे म्हून तं घातले. तुमच्या घरात अर्थिंग नाही, न् मशीन लोखंडाची. करंट उतरला का हात सुटत नाही."

"मंग तुझा करंट बी भायेरच ठेव."

बाबुलाल हसला. भाऊराव ओशाळला. "दे मले, मीच करतो. तू व्हरांड्यात बस." पुढच्या आठवड्यात त्याची क्रेन चालवायची परीक्षा होती. यंत्र हाती घ्यायची त्याला हौसच होती.

"बूट काढजो नको," बाबुलालनं बजावलं. "जमीन कोरडी पाहिजे. न् दोन्ही हातानं धर, हिसका मारते ते."

भाऊराव आपले प्लांटातले रबरी तळाचे बूट घालून आत गेला. तुळसाबाई वाट अडवून उभ्या राहिल्या.

"तू बी? देवापुढं?"

त्यानं अन्नपूर्णेकडे पाहिलं. सासूच्या सांगण्यावरून तिनं नुकतीच फरशी दुसऱ्यांदा पुसली होती. ओल अजून चमकत होती. बाबुलालचा शब्द न् शब्द तिनं ऐकला होता. 'राहू द्या बूट', एवढंच म्हणायचं होतं. पण व्रताच्या दिवशी सासूला उलट बोलायचं? तिनं मान खाली घातली. त्यानं बूट काढले.

पहिलं भोक पडलं. देवांवर पांढरी धूळ बसली. दुसऱ्या भोकाच्या वेळी मशीन घरघरत राहिली आणि भाऊराव काठीसारखा ताठ झाला.

"बाबुलालभाऊ!" अन्नपूर्णा ओरडली.

बाबुलाल बुटांसकट धावत आला. त्यानं प्लग खेचला. भाऊराव फरशीवर कोसळला.

जीव वाचला. पण उजव्या हाताची बोटं अशी भाजली, की ती पुन्हा नीट वाकणार नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलं. क्रेनचं नाव मग कुणी काढलं नाही.

दवाखान्यातून अन्नपूर्णा घरी आली तेव्हा तुळसाबाई गोमूत्र शिंपडत होत्या. ओल्या धुळीत उमटलेले बुटांचे ठसे वाळले होते.

"देवानंच वाचवलं माह्या लेकराले. पण मेल्यानं देव बाटवले."

"देवानं नाही, माय," अन्नपूर्णा हळूच म्हणाली. "त्या बुटांनी वाचवलं."

"व्रताच्या दिवशी तोंड चालवून राहिली?"

"सकाळीच चालवाले पाहिजे होतं."

तुळसाबाईंनी ओलं फडकं तिच्यापुढं टाकलं. ते तिनं उचललं नाही. मग त्यांनीच वाकून एकेक ठसा पुसला.

संध्याकाळी बाबुलाल मशीन न्यायला आला. पायरीखाली बूट काढून, अनवाणी उभा राहिला.

"घालूनच या आत, भाऊ," अन्नपूर्णा म्हणाली.

"राहू द्या, वहिनी. इथंच द्या."

तिनं मशीन उंबऱ्यावर ठेवली. आत, तुपाच्या डब्यावरच्या देवांपुढं, दिवा लावायचा राहिला होता.