सोमवारची पेज

रीताने उंची मोजायची काठी देवळाच्या खांबाला टेकवली आणि डबीतल्या गोळ्या तळहातावर ओतल्या. सभामंडपात भजनाला जमलेल्या बायकांपैकी एकीनेही हात पुढे केला नाही.

"आज सोमवार हाय, श्रावणातला," एक जण म्हणाली. "उपाशापोटी खायची नाई, असं तूच सांगतलं ना?"

"मंग उद्या जेवून घ्या."

"उद्याचं उद्या पाहू."

"मागच्या खेपेस मी घेतली, तं रातभर चक्कर येऊन राहिली होती," डिंपल म्हणाली. तिच्या मांडीवर तिची लहानगी झोपली होती. "अन् टोल्यावरचे घेऊन राहिले काय? ते घेत नाई, तं आमालेच काऊन?"

 रीता गावची आशा सेविका. हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन सकाळीच ती गावाबाहेरच्या गोंडांच्या वस्तीवर, टोल्यावर, जाऊन आली होती. तिथेही उत्तर हेच होतं: गावातले घेतीन, तं आमी पाहू.

ती पेटीजवळ बसलेल्या सावित्रीबाईंपाशी गेली. केशोरीच्या रस्त्यावरच्या या गावात सावित्रीबाईंच्या घरचं किराणा दुकान होतं, पण त्यांना मान होता तो भजनामुळे. डिंपल त्यांची सून.

"काकी, तुमी येवढंच म्हणा, महादेवानं सांगतलं, गोळी घ्या," रीता हळूच म्हणाली. "तुमचा शब्द कोणी मोडत नाई."

सावित्रीबाईंनी हातातले टाळ खाली ठेवले.

"त्यानं मले कायी सांगतलं नाई, रीता. त्याच्या नावानं खोटं कसं बोलू?"

रीताने मान खाली घातली. सावित्रीबाईंचा डावा पाय गुडघ्यापासून खाली खांबासारखा सुजलेला होता. त्या लुगडं जमिनीला टेकेल असं नेसत. गावात सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि कोणी त्याबद्दल बोलत नसे.

"गोळीनं तुमचा पाय उतरन, असं मी नाई म्हणत," रीता म्हणाली. "पण आज एकाले चावलेला डास उद्या कोणाले चावन, याचा काय भरोसा? त्याले गाव अन् टोला समजते काय? सगळ्यायनं घेतली, तंच हा रोग जाते."

 डिंपलच्या मांडीवरून नातीचा पाय खाली लोंबत होता. पोटरी बारीक, घोट्याशी सैल झालेला वाळा. सावित्रीबाई त्या पायाकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग खांबाला धरून उठल्या.

"तुमी भजन सुरू ठेवा."

"कुठं चालल्या, आई?" डिंपलने विचारलं.

"टोल्यावर."

धानाची रोवणी आटोपली होती. धुऱ्यावरच्या पायवाटेच्या दोन्ही बाजूंना ते हिरवंगार उभं होतं आणि बांधीतलं पाणी त्याखाली लपलं होतं. सावित्रीबाई पाय ओढत पुढे, रीता मागे. या वाटेने त्या बऱ्याच दिवसांनी निघाल्या होत्या. पूर्वी शिवरात्रीला टोल्याचा ढोल देवळासमोर वाजायचा, आणि गावातल्या बाया लेकरांना ताप आला की टोल्यावर देव मानलेल्या येनाच्या झाडाखाली नारळ ठेवायच्या. मग एका संध्याकाळी टोल्याच्या देवाची मिरवणूक आणि देवळातली आरती एकाच वेळी आली. भोंगा बंद झाला नाही, ढोलही थांबला नाही. पोरांची धक्काबुक्की झाली, ढोल फुटला. तेव्हापासून टोल्यावरचं कोणी दुकानात येत नव्हतं आणि गावातलं कोणी येनापाशी जात नव्हतं.

टोल्याचा भुमक दुधराम अंगणात अंबाडीचा दोर वळत बसला होता. देवाची पूजा त्याच्याकडे. त्याच्या शब्दाआधी टोल्यावर कोणी काही करत नसे. सावित्रीबाईंना पाहून तो उठून उभा राहिला.

"दुर्पता, बाज टाक वं," त्याने सुनेला हाक मारली.

सावित्रीबाई बाजेवर टेकल्या. दम खाऊन म्हणाल्या, "दुधरामभाऊ, गोळ्या काऊन नाई घेतल्या?"

"गावातले घेऊन राहिले काय?"

सावित्रीबाईंनी लुगड्याचा काठ गुडघ्यापर्यंत वर घेतला. दुधरामने आधी नजर वळवली. मग वाकून नीट पाहिलं.

"येवढं होयेपावतर आल्या नाई," तो म्हणाला. "मी पाला बांधून देला असता."

"पाल्यानं उतरला असता?"

दुधराम थोडा वेळ दोराचं टोक बोटांत फिरवत राहिला.

"नाई. माझ्या भावाचा पायबी असाच झाला होता. पाला बांधला, देवाले पुसलं. देव कायी बोलला नाई."

"माझाबी नाई बोलला," सावित्रीबाई म्हणाल्या.

 मग दुधराम खाली बसला आणि रीताकडे वळला. "दाखव पोरी, कोणत्या गोळ्या हायेत."

"पोटात कायी पायजे, मामा. उपाशी चालत नाई."

"मी जेवलो हाय."

"मी नाई," सावित्रीबाई म्हणाल्या. "घरात कायी शिजलं हाय काय?"

दुर्पता दारातच थबकली. दुधरामने वर पाहिलं.

"पेज हाय. पण आज तुमचा सोमवार."

"हाय."

दुर्पताने सासऱ्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली. तिने वाटी आणली. सावित्रीबाईंनी ती कपाळाला लावली, डोळे मिटले, आणि मग पेज पिऊन टाकली. अगदी तळाचं शीतही बोटाने पुसून घेतलं.

रीताने कुडाच्या भिंतीला काठी टेकवून दोघांची उंची मोजली; किती गोळ्या द्यायच्या, ते उंचीवर ठरायचं. दुधरामने त्यासाठी डोक्याचं पागोटं काढून हातात धरलं. दोघांनी गोळ्या चावल्या, तोंडं वाकडी केली आणि एकाच लोट्यातलं पाणी प्यायलं. कुंपणाबाहेर माणसं जमली होती. एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "भुमकानं घेतली वं!" मग एक जण आत आला, त्याच्यामागे त्याची बायको. काही लोक नुसतेच पाहत राहिले. पण रीताला डबीचं झाकण लावायला पुन्हा सवड मिळाली नाही.

"दुर्पता, बाईले घरी सोडून ये," दुधराम म्हणाला. "वाटेत चक्कर आली तं?"

परतताना दुर्पता अंतर ठेवून चालत होती. देवळाशी पोचल्यावर ती खालच्या पायरीपाशी थांबली. वरून भजनाचे सूर येत होते.

"मी जातो आता, काकी."

सावित्रीबाईंनी हात पुढे केला. "चढवत नाई वं. हात दे."

इतकी वर्षं त्या या पायऱ्या कोणाचा आधार न घेता चढत आल्या होत्या. दुर्पताने इकडेतिकडे पाहिलं, पदर सावरला आणि त्यांचा हात धरला.

दोघी मंडपात आल्या तसं भजन थांबलं.

"आई, तुमचा उपास?" डिंपलने विचारलं.

"मोडला. पेज पेली."

"कुठं?"

"हिच्या घरी."

कोणीतरी हातातले टाळ सतरंजीवर ठेवले. दुर्पता हात सोडवू पाहत होती, पण सावित्रीबाईंची पकड घट्ट होती. डिंपल आपल्या सासूकडे पाहत राहिली, मग दुर्पताच्या चिखलाने भरलेल्या पायांकडे. मांडीवरची पोर सांभाळत ती भिंतीकडे सरकली. शेजारणीलाही तिने कोपराने ढोसून सरकवलं.

सतरंजीवर दोघी बसतील एवढी जागा झाली.