घमघमणारं अंथरूण

मी एक साप बोलतोय. दचकू नका, बिनविषारी आहे. इकडे अमेरिकेतल्या केंटकीत मला मक्याचा साप म्हणतात, कारण माझे पूर्वज मक्याच्या कोठारांत उंदीर धरत हिंडायचे. मी मात्र काचेच्या पेटीत जन्मलो आणि आयतं खाऊन वाढलो. शिकार कशाशी खातात, ते मला ठाऊक नाही.

रेनिटानं मला बोटाएवढा असताना आणलं. पुढे नर्सची नोकरी लागून ती शहरात गेली आणि मी तिच्या वडिलांच्या गळ्यात पडलो. व्हर्नन टॅकेट, पेशानं सुतार. "तुझ्या आईनं हे ध्यान पाहिलं असतं, तर तिघांनाही घराबाहेर काढलं असतं," ते कुरकुरले. पण महिन्याभरात माणूस विरघळला. संध्याकाळी घेवडा आणि मक्याची भाकरी खाऊन झाली की मला मनगटावर घ्यायचे आणि दिवसभराचं सगळं सांगायचे. बायको गेल्यापासून त्या घरात बोलायला दुसरं होतं कोण?

माझं अंथरूण दुकानातून यायचं. अ‍ॅस्पेन नावाच्या पांढऱ्या लाकडाची सालपटं, वास म्हणून नाही. त्यात बीळ करून डोकं झाकलं की आम्हाला जेवण पचतं. उघड्यावर आमचं पोटसुद्धा घाबरतं.

व्हर्ननना ती पिशवी पाहवेना. ते सीडरच्या पेट्या बनवतात, लग्नाच्या मुलींना द्यायच्या. लाकूड तांबूस, घमघमणारं. आतल्या गोधड्यांना कसर लागत नाही. "सुताराच्या घरात विकतचा भुसा? लोक तोंडात शेण घालतील!" असं म्हणत त्यांनी रंध्याखालची ताजी सालपटं ओंजळीओंजळीनं माझ्या पेटीत पसरली. केवढी हौस होती त्यांच्या हातात!

आम्ही जिभेनं वास घेतो. मी जीभ बाहेर काढली आणि भाजल्यासारखी आत ओढली. पळणार कुठे? चारी बाजूंना काच. आठवड्याभरात उंदीर नकोसा झाला. मग श्वासाबरोबर शिट्टी वाजू लागली. मी तोंड उघडं टाकून, मान वर करून हवा शोधायचो.

"स्वारी आज गातेय," व्हर्नन कौतुकानं म्हणायचे.

रेनिटा सुट्टीला आली. झाकण काढताच मागे सरकली. "बाबा! यात सीडर कुणी घातलं?"

"कुणी म्हणजे? मीच. तुझ्या आईच्या गोधड्या तीस वर्षं टिकल्यात याच लाकडात."

"गोधड्यांना फुप्फुसं नसतात, बाबा! आणि कसर का लागत नाही? या वासानं किडे मरतात म्हणूनच ना?"

व्हर्नन तसेच उठले. मला उशीच्या अभ्र्यात घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे त्यांनीच नेलं. तीन आठवडे सुया, आणि अंगाखाली कोरे कागद. मी वाचलो. मग विकतची पिशवी पुन्हा आली, तीही त्यांनीच आणली.

पण आता ते मला हात लावत नाहीत. आंघोळ करतात, सदरा बदलतात, बोटं हुंगतात आणि खुर्ची पार दारापाशी ओढून बसतात. पन्नास वर्षांचा वास साबणानं कुठला जायला? दिवसभराचं सांगणंही थांबलंय. मला फार वाईट वाटतं.

म्हणून तुम्हाला विनवतो. आपल्याला आवडतं ते जनावराला सोसेल का, हे आधी विचारत जा. आणि माझ्या व्हर्ननना कुणीतरी समजावा, की हाताला लागलेल्या तेवढ्या वासानं मी मरत नाही. काचेला नाक लावून बसलोय. झाकण काढा म्हणावं.