माझे आटे मुद्दाम आखूड आहेत

मी हवेच्या सिलिंडरचा जोड बोलतोय. कनेक्टर म्हणा हवं तर. सिलिंडरमधली हवा छऱ्याच्या बंदुकीत भरायची, तर मधे मी लागतो. माझ्या अंगावर २३२ बार कोरलंय. दाब त्याहून जास्त असेल, तर माझ्या वाटेला जाऊ नये. म्हणून तर घडवणाऱ्यांनी माझे आटे मुद्दाम आखूड ठेवले. तीनशेच्या सिलिंडरवर मी घट्ट बसतच नाही.

वेल्समधल्या एका डोंगरगावात, एमरिस प्यूच्या शेडमध्ये माझ्या उमेदीची वर्षं गेली. दर शनिवारी त्याचा मित्र इडवल यायचा. एमरिस सिलिंडरवरचा आकडा मोठ्यानं वाचायचा, इडवल माझ्यावरचा. दोन्ही जुळले की मगच वॉल्व्ह उघडायचा.

"दोनशे बत्तीस!"

"दोनशे बत्तीस. ओरडतोस कशाला म्हाताऱ्या, कान शाबूत आहेत माझे."

मग चहा, मनुका घातलेले तव्यावरचे केक आणि रिकाम्या डब्यांवर नेमबाजी.

फेब्रुवारीत इडवल गेला. एमरिस शेडमध्ये यायचा, दोन कप काढायचा, एक परत ठेवायचा. बंदुकीला हात लावायचा नाही. मला फार एकटं वाटायचं.

एप्रिलमध्ये इडवलच्या बायकोनं त्याचं नवं सिलिंडर आणून दिलं. "तुझ्याकडेच राहू दे. मला ते बघवत नाही."

ते तीनशेचं होतं. एमरिसनं मला त्यावर फिरवलं, वॉल्व्ह उघडला. मी जिवाच्या आकांतानं फुसफुसलो.

"रबरी रिंग गेली वाटतं," म्हणत त्यानं वॉल्व्ह बंद केला आणि डब्यातून जाड वायसर काढला. फट बुजली असती, आणि तीनशेचा दाब थेट बंदुकीकडे जाणाऱ्या जुन्या नळीत! ती फुटून त्याचा हातच गेला असता. मी घाबरून गेलो. पण सांगणार कसं?

वायसर बसवून त्यानं वॉल्व्हवर हात ठेवला. सवयीनं म्हणाला, "तीनशे!" आणि थांबला.

उत्तर कोण देणार? मग त्यानं मला काढलं, चष्मा पुसला आणि हळूच वाचलं, "दोनशे बत्तीस."

तो स्टुलावर मटकन बसला. "इडवल, गाढवा," रडत रडत म्हणाला, "मेलास तरी पाठ सोडत नाहीस होय रे?"

आता तीनशेचा नवा जोड घेऊन तो शनिवारी क्लबात जातो. तिथे नेरिस नावाची बाई त्याच्यासोबत आकडे वाचते. मी खिडकीत पडून असतो. शेडमध्ये कोणी येत नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण एक विनवणी आहे. माझ्यासारखा कोणी फुसफुसला, तर त्याचं तोंड बुजवू नका.

दुपारी एमरिस परततो आणि दोन्ही हातांनी फाटक लावतो. मी ते खिडकीतून बघत राहतो.